सँडी वादळानंतर डेलावेअर बेचा किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतली आपली मंडळी उन्हाळ्यात केप मेला जातात, वाइल्डवुडच्या बोर्डवॉकवर फिरतात आणि परत येतात. तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर, अटलांटिकच्या नव्हे तर न्यू जर्सी आणि डेलावेअर या राज्यांमधल्या डेलावेअर बे या खाडीच्या बाजूला, रीड्स बीच, कुक्स बीच, किंबल्स बीच अशा अरुंद पुळणी आहेत. पोहायला फारसं कुणी तिथे जात नाही. पण मे महिन्यात तिथे हॉर्सशू क्रॅब हे मोठ्या कवचाचे समुद्री प्राणी अंडी घालायला वर येतात, ती अंडी खायला पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते पाहायला जगभरातून लोक येतात. २०१२च्या वादळानंतर या पुळणी पुन्हा कशा उभ्या केल्या, हे सांगायला लागलं की मंडळींकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सँडीने या बाजूचं काय नेलं? बातम्यांत तर सगळं अटलांटिककडचंच दिसत होतं.

बरोबर. सँडी २९ ऑक्टोबर २०१२ला संध्याकाळी ब्रिगँटीनजवळ किनाऱ्याला लागलं आणि लोकांच्या लक्षात राहिला तो सीसाइड हाइट्सला समुद्रात उभा असलेला रोलर कोस्टर. बेच्या बाजूला वस्ती तुरळक, त्यामुळे कॅमेरेही तिकडे कमीच वळले.

या बाजूचा किनारा मुळात नाजूक आहे. मागे मैलोन् मैल खाजण आणि त्याच्या पुढ्यात लाटांनी लोटून ठेवलेली वाळूची एक अरुंद पट्टी. त्या वाळूखाली खाजणातल्या गवताची मुळं शेकडो वर्षं साठून तयार झालेला काळा, चिवट थर असतो. सँडीने वरची वाळू उचलली. काही मागे खाजणात नेऊन टाकली, काही पार पसरवून दिली. खालचा काळा थर उघडा पडला. जिथे पूर्वी समुद्राकाठची छोटी घरं होती, तिथे विटा, डांबराचे तुकडे, लाकडी खुंट, पाइप असा जुना राडारोडाही वर आला. मूर्स बीचवर तर फारच. पाहणी केलेल्या जीवशास्त्रज्ञांचा अंदाज असा होता, की न्यू जर्सीच्या बाजूची हॉर्सशू क्रॅबची अंडी घालण्याची उत्तम जागा सुमारे ७० टक्के गेली.

पण हॉर्सशू क्रॅब तर पाण्यात राहतात. किनारा गेला तर त्यांचं काय अडतं?

राहतात पाण्यात, अंडी घालतात वाळूत. मे-जूनमध्ये पाणी कोमट झालं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, बहुतेक रात्री, ते भरतीच्या रेषेपाशी येतात. मादी मोठी. तिच्या पाठीला नर चिकटलेला आणि आजूबाजूला आणखी दोन-चार नर घुटमळत असतात. शांत रात्री एकमेकांच्या कवचांवर कवचं आपटल्याचा खटखट आवाज लांबून ऐकू येतो. मादी ओल्या वाळूत स्वतःला रुतवून घेते आणि १५-२० सेंटिमीटर खोल एका जागी साधारण ४,००० अंडी घालते. मग थोडी पुढे सरकून पुन्हा घालते. एका मोसमात एका मादीची सुमारे ८०,००० अंडी होतात. अंडं हिरवट, मोहरीच्या दाण्याएवढं.

ही अंडी उबायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढा वेळ त्यांना ओल हवी, ऊब हवी, हवाही हवी. काळ्या चिवट थरात हवा खेळत नाही, कुजल्यावर येणारा सल्फरचा वास तेवढा असतो. क्रॅबना ते कळतं. असा थर उघडा पडलेल्या किनाऱ्यावर ते अंडी घालायचं टाळतात. वर बोटभर वाळू असूनही भागत नाही, कारण मादी जेवढं खोल जाते त्याहून जाड थर लागतो.

या प्राण्याला क्रॅब म्हणत असले तरी तो खेकड्यांपेक्षा कोळी-विंचवांच्या जवळचा आहे. अंडी घालायच्या वयाला यायला मादीला दहाएक वर्षं लागतात. म्हणजे दोन-तीन मोसम वाया गेले तर त्याची झळ दहा वर्षांनी दिसते. हा हिशेब पुढच्या सगळ्या घाईमागे आहे.

पक्ष्यांचा यात काय संबंध?

पक्ष्यांमुळेच तर एवढा गाजावाजा झाला, नाहीतर क्रॅबसाठी पैसे कुणी दिले असते याची मला शंका आहे.

रेड नॉट नावाचा पक्षी आहे. मैनेहून थोडा मोठा, विणीच्या दिवसांत छाती विटेच्या रंगाची. त्यातले काही हिवाळा काढतात दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, तिएरा देल फुएगोमध्ये, आणि अंडी घालतात कॅनडाच्या आर्क्टिक भागात. एका बाजूचा प्रवास सुमारे १५,००० किलोमीटर. शेवटच्या टप्प्याआधी ते डेलावेअर बेला उतरतात तेव्हा वजन १२० ग्रॅमच्या आसपास, अगदी हाडं लागलेली. पुढे उडायचं तर १८० ग्रॅम गाठावं लागतं आणि हातात दिवस असतात दहा ते चौदा. लांब उड्डाणाआधी त्यांची पचनाची इंद्रियं आकसलेली असतात, त्यामुळे कडक शिंपले फोडून पचवणं जड जातं. क्रॅबची मऊ, चरबीदार अंडी त्या घडीला नेमकी उपयोगी पडतात.

आता खरी गंमत. नॉटची चोच लहान असते, १५-२० सेंटिमीटर खालची अंडी त्याला काढता येत नाहीत. त्याच्या वाट्याला येतात ती वर आलेली अंडी. ती वर कशी येतात? एक मादी अंडी घालून जाते, दुसरी तिथेच येऊन उकरते, तिसरी पुन्हा, आणि लाटा राहिलेलं काम करतात. थोडक्यात, क्रॅबची गर्दी असली तरच पक्ष्यांचं पोट भरतं. थोडे क्रॅब असले तर त्यांची पिल्लं होतील, पण पक्षी उपाशी राहतील. वाळूचा प्रश्न म्हणून दुहेरी आहे.

रडी टर्नस्टोन, सँडरलिंग, सेमीपामेटेड सँडपायपर हेही याच पंगतीला असतात. टर्नस्टोन स्वतः खड्डे करून अंडी काढतो, आणि त्याने उकरलेल्यावर बाकीचे हात मारतात.

वाळू कुठून आणली?

न्यू जर्सीच्या बाजूला ती आली दक्षिण जर्सीतल्याच जमिनीवरच्या वाळूच्या खाणींतून, ट्रकने. हा भाग वाळूसाठी जुनाच प्रसिद्ध आहे. मिलव्हिलच्या आसपासचे काचेचे कारखाने याच सिलिका वाळूवर उभे राहिले. खोल समुद्रातून ड्रेजरने वाळू पाइपाने आणून टाकतात तशी मोठी व्यवस्था इथे लागली नाही, कारण पुळणी लहान आहेत आणि त्यांच्यापर्यंत रस्ता जातो.

आधी राडारोडा काढला. हे काम दिसायला किरकोळ, पण मला ते वाळूइतकंच महत्त्वाचं वाटतं. भरतीला वर आलेला क्रॅब ओहोटीला परत फिरतो तेव्हा विटा-दगडांच्या फटीत अडकतो, उलटा पडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मरतो. राडारोडा न काढता वर वाळू टाकली असती तर एक-दोन हिवाळ्यांत तो परत उघडा पडला असता. मग वाळूचे ट्रक आले आणि यंत्रांनी ती ओहोटीच्या वेळेत पसरली.

अमेरिकन लिटोरल सोसायटी आणि कॉन्झर्व्ह वाइल्डलाइफ फाउंडेशन ऑफ न्यू जर्सी या संस्था, लॅरी नाइल्स यांचा जीवशास्त्रज्ञांचा गट आणि राज्याचा वन्यजीव विभाग यांनी मिळून हे काम उचललं.

वाळू ती वाळू. त्यात एवढं काय पाहायचं?

पोहायला येणाऱ्यांसाठी करतात तो किनारा आणि क्रॅबसाठी करतात तो किनारा यांत बराच फरक आहे.

पर्यटकांना मऊ, बारीक वाळू आवडते. क्रॅबना भरड चालते, त्यात बारीक खडे असले तरी चालतात. भरड वाळूतून पाणी झिरपतं, मागोमाग हवा आत जाते, अंडी गुदमरत नाहीत. बारीक वाळू पाणी धरून बसते. खाणीतून आणताना मातीचा अंश किती आहे तेही पाहावं लागतं, नाहीतर पहिल्याच भरतीला सगळं पाणी गढूळ.

उंचीचंही तसंच. घरं वाचवायची असतील तर वाळूची टेकडी जितकी उंच तितकी बरी. इथे भरतीचं पाणी वर चढायलाच हवं, कारण अंडी ओली राहायला हवीत. म्हणून पुळण बुटकी आणि उतार सौम्य ठेवतात. नव्याने टाकलेल्या वाळूला लाटा कधी कधी उभी कड कापतात. गुडघाभर उंचीची ती कड माणसाला काहीच नाही, पण क्रॅबला ती भिंत. अशी कड दिसली की यंत्र फिरवून मोडावी लागते. कासवांच्या किनाऱ्यांवर काम करणाऱ्यांनाही हा त्रास ठाऊक आहे. मादी कडेपर्यंत येते आणि माघारी फिरते.

सँडी ऑक्टोबरअखेरचं. काम लगेच कसं सुरू झालं?

क्रॅब मेमध्ये येणार हे ठरलेलं. त्याआधी वाळू पसरून, थोडी बसायला वेळ देऊन यंत्रं किनाऱ्यावरून हलवायची. म्हणजे हातात सहा महिने, त्यातला बराचसा हिवाळा. सरकारी कामात सहा महिन्यांत एक परवानगी निघत नाही असा आपला अनुभव, आणि अमेरिकेत तो फार वेगळा नाही. इथे लष्कराचे अभियंते, राज्याचा पर्यावरण विभाग, केंद्राचा मासे आणि वन्यजीव विभाग अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. सगळ्यांनी मनावर घेतलं, निकडीच्या परवानग्या दिल्या आणि २०१३च्या मोसमाआधी काही पुळणी तयार झाल्या. सगळ्या नव्हेत. पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्याने काम चालू राहिलं.

यासाठी आधी काही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं या किनाऱ्यावर मोजमाप करत होते, ही गोष्ट कामी आली. कुठल्या पुळणीवर किती अंडी होती, वाळू किती जाड होती, हे कागदावर होतं. ते नसतं तर वादळानंतरचे सहा महिने पाहणीतच गेले असते.

सरळ दगडी बंधारा का बांधला नाही? वाळू वाहून जायचा प्रश्नच मिटला असता.

वाळू वाहून जायचा प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. लाट बंधाऱ्यावर आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत बंधारा राहतो, पुळण राहत नाही. वर दगडांच्या फटींत क्रॅब अडकून मरतात ते वेगळंच. बेच्या काठच्या फोर्टेस्क्यूसारख्या वस्त्यांत लाकडी आणि दगडी भिंती आहेत. तिथे घरं आहेत, त्यामुळे लोकांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण जिथे मागे फक्त खाजण आहे तिथे भिंत बांधणं म्हणजे नसलेल्या घराला कुंपण.

मग ते कालवांचे ढीग कशाला?

साउथ रीड्स बीचला ओहोटीच्या वेळी पाण्यात शिंपल्यांनी भरलेल्या जाळीच्या पिशव्यांच्या रांगा दिसतात, त्याबद्दल हा प्रश्न असतो. कालवांची आणि मोठ्या शंखांची रिकामी कवचं पिशव्यांत भरून त्या किनाऱ्याला समांतर रचल्या आहेत. लाट किनाऱ्याला पोचण्याआधी तिचा जोर थोडा मोडावा हा हेतू. रांग सलग नाही, मध्ये मोकळ्या जागा ठेवल्या आहेत, म्हणजे क्रॅबना ये-जा करता येते. पाण्यातली कालवांची पिल्लं या कवचांवर येऊन बसतात आणि ढीग आपोआप जिवंत होत जातो, निदान अपेक्षा तशी आहे.

पिशव्या भरायचं आणि हातोहात पाण्यात उतरवायचं काम स्वयंसेवकांनी केलं, त्यात निवृत्त सैनिकही बरेच होते. मोठ्या वादळासमोर गुडघाभर उंचीच्या या रांगा काही करू शकत नाहीत. रोजच्या लाटांसमोर करतात.

पलीकडे डेलावेअर राज्याच्या बाजूला काही झालं का?

झालं, आणि फारच मोठं. प्राइम हुक नावाचं राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. तिथे पूर्वी खाजण अडवून गोड्या पाण्याचे तलाव केले होते, बदकांसाठी. सँडीच्या आधीपासूनच समुद्राने पुळण फोडायला सुरुवात केली होती, सँडीने ती भगदाडं रुंद केली. खारं पाणी आत शिरून गोड्या पाण्यातली वनस्पती मेली. मग ठरवलं, की गोड्या पाण्याचा हट्ट सोडायचा. सुमारे ३.८ कोटी डॉलर खर्चून पुळण आणि वाळूच्या टेकड्या पुन्हा भरल्या, आतमध्ये भरती-ओहोटीचे जुने ओढे मोकळे केले आणि सुमारे ४,००० एकर खाजण परत खाऱ्या पाण्याच्या स्वाधीन केलं. २०१६मध्ये काम पुरं झालं. नव्या वाळूवर पायपिंग प्लोवर आणि लहान सुरय हे किनाऱ्यावरचे पक्षी घरटी करू लागले. माणसाने आधी केलेलं काम मोडणं हाही दुरुस्तीचा भाग असतो, याचं हे चांगलं उदाहरण.

टाकलेली वाळू पुन्हा वाहून जाते म्हणतात. मग हे पैसे पाण्यातच की!

जाते, हे खरं आहे. हिवाळ्यातल्या वाऱ्या-वादळांत दरवर्षी थोडी जाते आणि काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागते. त्यातली काही शेजारच्या पुळणीवर आणि ओढ्यांच्या मुखाशी जाऊन बसते. तिथेही क्रॅब अंडी घालतात, पक्षी जमतात, त्यामुळे ती सगळी वायाच जाते असं नाही.

पण अवघड भाग पुढे आहे. अटलांटिक सिटीच्या भरतीमापकावर गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून समुद्र सुमारे १८ इंच वर आलेला दिसतो. जगाच्या सरासरीपेक्षा हा वेग जास्त, कारण इथली जमीनही हळूहळू खचते आहे. पुळण मोकळी असेल तर समुद्र चढताना ती मागे सरकते, खाजणावर चढते, आणि टिकते. रस्ता, घर, भिंत मध्ये आली की अडकते. थॉम्प्सन्स बीच आणि मूर्स बीच इथली घरं सँडीच्या कितीतरी आधीच विकत घेऊन काढून टाकली गेली होती, म्हणूनच तिथे एवढं काम करता आलं. माझं मत विचाराल तर दर डॉलरला वाळूपेक्षा मागची मोकळी जमीन जास्त देते. वाळू वेळ विकत घेते. तोवर पक्ष्यांच्या एक-दोन पिढ्या निघून जातात, तेही कमी नाही.

वादळाने कधी प्राण्यांचा फायदाही होतो का?

होतो. अटलांटिकच्या बाजूला पाहा. न्यूयॉर्कच्या फायर आयलंडवर सँडीच्या लाटांनी वाळूच्या टेकड्या ओलांडून वाळू मागे पसरवली, मोकळी सपाट मैदानं तयार झाली. पायपिंग प्लोवरला हेच हवं असतं. गवत दाट झालं की दबा धरलेले कोल्हे त्याला दिसत नाहीत आणि पिल्लांना पाण्यापर्यंत पळता येत नाही. वादळानंतर तिथे प्लोवर वाढले. माणसाने मात्र लगेच टेकड्या परत बांधून बरीच मैदानं बुजवली. १९८६पासून कायद्याने जपलेल्या पक्ष्याच्या वाट्याला आलेली जागा दुसऱ्या हाताने काढून घ्यायची, असा तो प्रकार.

न्यू जर्सीत बार्नेगट लाइटला उलट केलं. दीपगृहाजवळचं दाट गवत मुद्दाम काढलं, वाळू सपाट केली, पिल्लांना खाणं मिळावं म्हणून उथळ डबकं खणलं. वादळ जे करतं ते यंत्राने केलं.

एवढं करून रेड नॉट वाढले का?

नाही म्हणावं लागतं. १९८०च्या दशकात बेवर नव्वद हजारांच्या आसपास नॉट मोजले गेले होते. २०२१मध्ये सात हजारांहूनही कमी दिसले. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं.

यावरून किनारा दुरुस्त करणं फसलं असा अर्थ काढणं चूक ठरेल. घसरण सँडीच्या बरीच आधीची आहे. १९९०च्या दशकात ईल मासे आणि शंख पकडायला आमिष म्हणून क्रॅब बेसुमार मारले गेले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, ते दळून शेतात खत म्हणून घालत, वर्षाला दहा लाखांहून जास्त. न्यू जर्सीने २००८मध्ये क्रॅब पकडायलाच बंदी घातली, पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलर दंड. डेलावेअर बेतल्या माद्या आमिषासाठी पकडणं २०१३च्या मोसमापासून थांबलं. पण दहा वर्षांनी वयात येणारा प्राणी परत वाढायला वेळ घेणारच. त्यात दक्षिण अमेरिकेत नॉटची शिकार होते आणि आर्क्टिकमधला हवामानाचा तालही बिघडला आहे. एका पुळणीच्या हातात या सगळ्या गोष्टी नाहीत. पुळण नसती तर मात्र उरलेले नॉटही कुठे उतरले असते?

क्रॅबचं निळं रक्त औषधांसाठी काढतात ना? ते थांबलं का?

थांबलेलं नाही. इंजेक्शनं, लशी, शरीरात बसवायची उपकरणं यांत जिवाणूंचं विष आहे का हे तपासायला त्या रक्तापासून केलेलं रसायन वापरतात. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी त्याचा फायदा घेतला आहे. रक्त काढून क्रॅब परत सोडतात. त्यातले साधारण १५ टक्के मरतात असं धरून मासेमारी खातं हिशेब मांडतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग जीक लिंग आणि हो बाउ यांनी प्रयोगशाळेत बनवता येणारा पर्याय फार पूर्वी शोधला होता. अमेरिकेच्या औषधप्रमाण संस्थेने त्याला बरोबरीचं स्थान द्यायला २०२४ उजाडावं लागलं. आता कंपन्या किती लवकर वळतात ते बघायचं.

किनाऱ्यावर उलटा पडलेला क्रॅब दिसला तर काय करायचं? चावतो का?

चावत नाही, डंखही मारत नाही. ती लांब टोकदार शेपटी पाहून मुलं घाबरतात आणि मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त. उलटं पडल्यावर सरळ व्हायला तो तिचा उपयोग करतो, डंखाला नाही. खालचे पाय वळवळतात, हाताला लागले तर गुदगुल्या होतात इतकंच.

कवचाच्या दोन्ही कडा दोन्ही हातांनी धरा आणि अलगद सरळ करा. शेपटीला धरून उचलू नका, ती सांध्यातून निखळू शकते. फार लांब कोरड्यात पडला असेल तर पाण्याच्या कडेपर्यंत नेऊन ठेवा. पाठीवर शिंपले, गवत, अगदी छोटी कालवं चिकटलेली असतील, ती ओरबाडू नका. पाठ कोरडी दिसली म्हणून मेला असं समजू नका. उचलून पाहा, पाय हलले तर जिवंत आहे.

७ मे ते ७ जून या काळात मात्र बऱ्याच पुळणींवर पाय ठेवायलाच बंदी असते, पक्षी खात असतात म्हणून. तेव्हा रात्री अडकलेले क्रॅब सोडवायचं काम 'रिटर्न द फेवर' या उपक्रमातले परवानगी घेतलेले गट करतात. तुम्हाला करायचं असेल तर अशा गटात नाव द्या. स्वतःच्या मनाने कुंपण ओलांडून पुण्य करायला जाऊ नका.

आई-बाबा मे महिन्यात भारतातून येणार आहेत. त्यांना नेण्यासारखं आहे का?

जरूर न्या. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसनकडून दोनेक तास लागतात. रीड्स बीचच्या टोकाला आणि कुक्स बीचला पक्षी बघायला ठरवून दिलेल्या जागा आहेत, फार चालावं लागत नाही, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. भरती उतरायला लागल्यावर पोचा, तेव्हा ओली वाळू उघडी पडते आणि पक्षी तुटून पडतात. मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नशीब जास्त साथ देतं. दुर्बीण न्या. बारीक चावरे किडे असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डबा घेऊन जा, जवळपास काही मिळत नाही. खाल्ल्यावर उरलेलं सीगलना टाकू नका, ते जमले की लहान पक्ष्यांना हुसकावतात.

कुत्रा न्यायचा का?

नाही. कुत्रा मोकळा सुटला की पूर्ण थवा उडतो. दिवसभरात असं चार-पाच वेळा झालं तर खाल्लेलं त्यातच खर्च होतं.

हेच कोकणात करता येईल का? निसर्ग वादळानंतर तिकडेही पुळणी गेल्या.

ट्रकने वाळू आणून टाकणं हे जसंच्या तसं तिकडे चालणार नाही. कोकणातली पुळण दोन डोंगरांच्या मध्ये वसलेली असते. पावसाळ्यात दरवर्षी समुद्र तिची वाळू आत ओढतो आणि दिवाळीच्या सुमारास परत आणून देतो. मेमध्ये वाळू टाकली तर जुलैत शोधावी लागेल. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं, म्हणजे पावसाळ्याच्या अगदी तोंडावर. कासवांची बहुतेक पिल्लं तोवर समुद्रात गेलेली असतात, हे एक नशीब.

वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर इथे ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये गावाला हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत हलवतात, ५०-५५ दिवसांनी पिल्लं सोडतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, त्यामुळे कुठली वाळू, किती सावली, किती खोल हा प्रश्न तिथेही तसाच आहे.

इकडून तिकडे नेण्यासारख्या गोष्टी तीन. वादळाआधीची मोजमापं असू द्या. वादळानंतर आधी राडारोडा काढा. आणि पुळणीमागे मोकळी जागा ठेवा. कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या, सगळ्यात कडक गटात येतात, किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला बंदी आहे, म्हणजे कायदा आहेच. धूपप्रतिबंधक बंधारे मात्र जोरात चालू आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी काय होतं ते वर लिहिलं आहे.

पण वादळात सुरूची बनं पडली. ती पुन्हा लावायला नकोत का?

गावकऱ्यांना सुरू हवी असते, वारा अडतो, सावली मिळते, पर्यटक तंबू ठोकतात. ती लावा, पण मागे, अंडी घालायच्या पट्ट्यापासून लांब. सुरू थेट पुळणीवर आली की मुळांनी वाळू घट्ट होते, काड्यांचा खच पडतो आणि कासवाच्या मादीला खणायला जागा उरत नाही. पुढच्या पट्ट्यात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाढू द्या. कुणी न लावता त्या वाळू धरून ठेवतात. सेल्फी काढणाऱ्यांच्या गाड्या त्यांच्यावरून गेल्या नाहीत तर.

भारतात हॉर्सशू क्रॅब आहेत का?

आहेत. जगातल्या चार जातींपैकी दोन ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात, बालासोरकडे विशेष.

मुलांना शाळेच्या सेवातासांसाठी डेलावेअर बेच्या या कामात भाग घेता येईल का?

येईल. वयाची अट आणि पालक सोबत हवेत का, हे गटानुसार बदलतं, नाव देताना विचारून घ्या. रात्रीच्या फेऱ्यांना गमबूट आणि कपाळावर बांधायचा लाल उजेडाचा दिवा लागतो. शिंपल्यांच्या पिशव्या भरायचं काम दिवसा असतं, त्याला जाड हातमोजे न्या, कवचांच्या कडा धारदार असतात. कपडे असे घाला जे नंतर टाकून दिले तरी चालतील, कारण तो वास दोन धुण्यांत जात नाही.